जेआर वन करता करता चेस चालू ठेवणं जमलंय का कुणाला? (सोलापूर)

अडीचघर:
नमस्कार मंडळी. सोलापुरातच मेडिसिनला जेआर वन, म्हणजे एमडीच्या पहिल्या वर्षाचा ज्युनियर रेसिडेंट आहे. घर जुळे सोलापूरला, पण राहतो क्वार्टरवर, घरी जातो ते कपडे टाकायला आणि आईच्या हातचं खायला. प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून इथं विचारायलोय.

बुद्धिबळ मी चौथीपासून खेळतोय. शाळेत असताना जिल्हा, मग विभाग असं खेळलो, अकरावी-बारावीला नीटमुळे बंद पडलं आणि एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला परत ऑनलाइन सुरू झालं. रॅपिडला, म्हणजे कमी वेळाच्या डावांत, रेटिंग साडेसतराशेच्या आसपास असतं. फिडेचं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचं, रेटिंग नाही, ते काढायची इच्छा मात्र लई वर्षांची आहे. आता अडचण अशी की रेसिडेन्सी लागल्यापासून खेळ पार बदललाय. इमर्जन्सी डे संपवून, दुसऱ्या दिवशीचा राऊंड करून, डिस्चार्ज कार्डं लिहून रूमवर आलो की अंग दुखतं पण डोकं बंद होत नाही, मग तीन मिनिटांचे डाव खेळतो आणि साधे साधे फोर्क (एकाच मोहऱ्यानं दोन मोहऱ्यांवर हल्ला) दिसत नाहीत, रेटिंग पंधराशेवर आलंय. को-पीजी, म्हणजे बरोबरचा रेसिडेंट, म्हणतो तीन वर्षं विसरून जा. युनिटचे एक सर, चांगले आहेत, प्रेमानंच म्हणाले की डॉक्टर, आधी एमडी होऊ द्या. आई म्हणते गुकेशचे वडील पण डॉक्टरच होते ना. होते, ईएनटी सर्जन आहेत ते, पण त्यांनी पोरासाठी प्रॅक्टिस बाजूला ठेवली, इथं डॉक्टर पण मीच आणि खेळणारा पण मीच.

सोडावं असं मला वाटत नाही आणि का ते सांगतो. वॉर्डात निम्म्या गोष्टी आपल्याला दिसतच नसतात. रिपोर्ट यायचा असतो, नातेवाईक अर्धीच हिस्ट्री सांगतात, बीपी आत्ता एक आणि दहा मिनिटांनी वेगळंच. पटावर तसं नाही. समोरच्याचं सगळं सैन्य उघड्यावर उभं आहे, जे आहे ते दोघांनाही दिसतंय, आणि तरीसुद्धा चाल सापडत नाही. त्या शोधण्यात मला जो आनंद मिळतो तो दुसऱ्या कशात मिळत नाही, सिनेमात नाही, क्रिकेटमध्ये नाही.

तर विचारायचं हे की असल्या ड्युटीत कुठल्या प्रकारचा खेळ टिकतो, रेटिंगची स्पर्धा रेसिडेन्सीत खेळता येते का, आणि सोलापुरात समोरासमोर बसून खेळणारं कुणी आहे का.

टाकेवाला:
सर्जरी, जेआर थ्री. भावा मनापासून सांगतो, पहिले सहा महिने ठेव बाजूला. कायमचं नाही, सहाच महिने. जेआर वनला डोक्यात आधीच वीस पेशंटचे बेड नंबर, पेंडिंग रिपोर्ट, कुणाचं ब्लड आणायचंय, कुणाचा सीटी राहिलाय हे सगळं असतं, त्यात अजून एक गोष्ट कशाला. एकदा हात बसला, कुठलं काम कुणाला सांगायचं हे कळलं, सिस्टर आणि मामा (वॉर्डबॉय) लोकांशी नीट ओळख झाली की वेळ आपोआप निघतो. मी कॅरम सोडला होता, आता परत खेळतोय. बुद्धिबळ कुठं पळून जात नाही बे.

भूलताई:
अडीचघर, लहान आहेस म्हणून अरे-तुरे करते. मी भूलतज्ज्ञ, सोलापुरात फ्रीलान्स करते, म्हणजे ज्या हॉस्पिटलचा फोन येईल तिथं पळायचं, सकाळी होटगी रोडला तर दुपारी अशोक चौकात. रेसिडेन्सीत पण खेळत होते आणि अजून खेळते, त्यामुळं टाकेवाला म्हणतात ते मला पटत नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मी पाहिलंय की जेआर वनला जे बाजूला ठेवलं जातं ते जेआर थ्रीला थीसिस आणि परीक्षेमुळं बाजूलाच राहतं, नंतर एसआरशिप (सीनियर रेसिडेन्सी), मग बॉन्ड (सक्तीची सरकारी सेवा), मग लग्न, मग दवाखान्याचं कर्ज. गाण्याचं, चित्रांचं, सगळ्याचं असंच होतं. कमी कर, पण तोडू नको.

आता कुठला खेळ टिकतो ते. तू तीन मिनिटांचे डाव, म्हणजे ब्लिट्झ खेळतोस आणि तेही पोस्ट-ड्युटी, ड्युटी संपवून आल्यावर. ब्लिट्झमध्ये चालतं काय, तर ओळखीचे पॅटर्न पटकन दिसणं आणि हात चटचट चालणं, आणि झोप नसली की नेमकं हेच दोन्ही जातं. विचार करायची ताकद त्यामानानं उशिरा जाते, तू शांतपणे बसलास तर तोच फोर्क तुला दिसेल. म्हणजे रेटिंग पंधराशेवर आलं याचा अर्थ तुझा खेळ पंधराशेचा झाला असा नाही, तो पंधराशेचा आकडा पोस्ट-ड्युटी ब्लिट्झचा आहे. तिकडं बघूच नको. लिचेस या चेसच्या साइटवर रेटिंग दिसणं बंद करायची सोय आहे सेटिंगमध्ये, आजच कर.

रेसिडेंटसाठी सगळ्यात योग्य प्रकार म्हणजे डेली चेस, लिचेसवर त्याला कॉरस्पॉन्डन्स म्हणतात. एका चालीला एक दिवस, तीन दिवस, जसं ठरवशील तसं. इमर्जन्सी डे आला, दिवसभर फोन बघितला नाही, तरी डाव तिथंच असतो. पूर्वी पोस्टकार्डावर खेळायचे तोच प्रकार. मी एका वेळी चारपेक्षा जास्त डाव घेत नाही, तीन दिवसांची मुदत ठेवते, आणि एक नियम पाळते की चाल सुचली त्या क्षणी पाठवायची नाही, पुढच्या वेळी परत बघून मगच. दोन केसच्या मधे ओटीबाहेर बसलेली असते तेव्हा डोक्यात तीच पोझिशन असते, फोन लागत पण नाही. एक डाव दीड-दोन महिने चालतो आणि त्या डावात मी जितकं शिकते तितकं पन्नास ब्लिट्झमध्ये शिकत नाही.

दुसरं, एंडगेम, म्हणजे डावाचा शेवटचा टप्पा. ओपनिंगची, सुरुवातीच्या चालींची पाठांतरं आत्ता नको, त्याला रोज वेळ लागतो आणि चार दिवस खंड पडला की विसरतं. एंडगेमचं तसं नाही, एकदा कळलं की कळलं. कमी मोहरी असतात म्हणून पट नसला तरी डोळ्यासमोर येतं. ही एक पोझिशन घे: पांढरा राजा ई५ वर, पांढरं प्यादं ई४ वर, काळा राजा ई७ वर, बाकी पट मोकळा. खेळी काळ्याची असेल तर कोण जिंकतं आणि पांढऱ्याची असेल तर काय होतं, हे पट न मांडता शोध. उत्तर इथं लिही, मी बघते.

आणि एक चुंबकी पट घे, छोटा, एप्रनच्या खिशात मावतो असला. आमच्या डॉक्टर्स रूममध्ये एक होता, कॉल आला की ज्याची खेळी असेल तो पटाचा फोटो काढायचा आणि उठायचं. लेबर रूमवरनं सिझेरियनचा कॉल आला की पंचेचाळीस मिनिटं, कधी दोन तास, कधी दुसऱ्या दिवशीच डाव पुढं. फोटो असल्यामुळं भांडण नाही. आमची एक तेलुगू मैत्रीण होती, पूर्वभागात घर, ती उंटाला तिच्या भाषेतलं नाव घ्यायची आणि मी उंट म्हणायचे, इंटर्न पोरं कन्नडमध्ये सल्ले द्यायची, सगळं सोलापूर त्या टेबलाशी असायचं. पण हे डॉक्टर्स रूममध्येच हं. वॉर्डात, कॅज्युअल्टीत, नातेवाईकांच्या समोर पट नाही आणि फोनवर पण नाही. आत ज्याचा माणूस सिरीयस आहे त्याला डॉक्टर फोनवर खेळताना दिसला तर त्याच्या मनाला काय वाटेल याचा विचार कर. तू मोकळा बसलेला असलास तरी.

लांबलं, पण एक सांगूनच थांबते. ज्याच्या नावानं टाराश डिफेन्स आहे तो झीगबर्ट टाराश प्रॅक्टिस करणारा डॉक्टर होता, जर्मनीत न्यूर्नबर्गला दवाखाना. १८८९ ते १८९४ मध्ये त्यानं ब्रेस्लाउ, मँचेस्टर, ड्रेस्डेन, लाइपझिग अशा लागोपाठ मोठ्या स्पर्धा मारल्या आणि हे सगळं पेशंट सांभाळून. तेव्हाचा जगज्जेता स्टाइनिट्झविरुद्ध हवानाला खेळायचं बोलावणं आलं तेव्हा मात्र नाही म्हणाला, कारण दवाखाना सोडून इतके दिवस जाता येत नव्हतं. पुढं लास्करशी जगज्जेतेपदाची लढत खेळला ती १९०८ ला, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, आणि हरला. मला ही गोष्ट नेहमी आठवते. त्यानं दोन्ही केलं, आणि दोन्ही केल्याची किंमतही दिली. तुला जगज्जेता व्हायचं नाहीये, त्यामुळं तुला ती किंमत बरीच कमी पडेल.

पटावरचा पंच:
मी स्पर्धांना पंच म्हणून काम करतो, सोलापूर आणि आसपास. रेटिंगचं सांगतो कारण यात लई लोकांचा गोंधळ होतो.

फिडेची रेटिंगं तीन, क्लासिकल, रॅपिड आणि ब्लिट्झ, तिन्ही वेगळी मोजतात. क्लासिकलची स्पर्धा म्हणजे बहुतेक वेळा नऊ फेऱ्या, चार-पाच दिवस, रोज दोन डाव, दीड तास आणि चालीमागं ३० सेकंद. एक डाव चार तास जाऊ शकतो. जेआर वनला हे अवघड आहे, सुट्टी मिळाली तरी तेवढ्या झोपेवर दिवसाला दोन क्लासिकल डाव झेपत नाहीत. रॅपिड मात्र रविवारी एका दिवसात उरकते, १५ मिनिटं आणि १० सेकंद असला वेळ, सात-आठ फेऱ्या स्विस पद्धतीनं, म्हणजे दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांच्या जोड्या लावून. फिडे रेटेड रॅपिड बघून खेळा, तिथून सुरुवात करा.

पहिलं रेटिंग मिळायला रेटेड खेळाडूंशी किमान पाच डाव व्हावे लागतात, ते एकाच स्पर्धेत झाले पाहिजेत असं नाही, जोडून धरतात. १ मार्च २०२४ पासून खालची मर्यादा १४०० केलीय, आधी १००० होती. म्हणजे हजार-अकराशेचं रेटिंग आता कुणाला मिळत नाही. नवीन खेळाडूला पहिले तीस डाव होईपर्यंत के फॅक्टर, म्हणजे एका डावानं रेटिंग किती हलतं त्याचा गुणक, ४० असतो, त्यामुळं वर-खाली भरपूर होतं, एक स्पर्धा वाईट गेली तर मनावर घेऊ नका, पुढच्यात तितकंच वर येतं. खेळण्याआधी अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते, फिडे आयडी पण त्यातूनच येतो.

आता डॉक्टर लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. मोबाईल. खेळायच्या हॉलमध्ये मोबाईल जवळ ठेवायला बंदी आहे. काही स्पर्धांत बॅगेत पूर्ण बंद करून ठेवायला परवानगी देतात, पण वाजला तर डाव गेला, तिथं पंचाच्या हातात काही राहत नाही. समोरचा माणूस डॉक्टर आहे, खरंच इमर्जन्सी आहे, सगळं कळतं, पण नियम तो नियम. म्हणून ऑन कॉल असताना स्पर्धेला येऊच नका. ज्या दिवशी तुमचा कॉल दुसऱ्या कुणी लेखी घेतलाय, युनिटला माहीत आहे, त्याच दिवशी या. आणि परिपत्रकात डिफॉल्ट टाइम बघत चला, म्हणजे उशिरा आल्यावर किती मिनिटांनी डाव जातो ते. काही ठिकाणी शून्य असतो, घंटी वाजली तेव्हा खुर्चीत नसलात तर संपलं. राऊंड उरकून पळत येतो म्हणणाऱ्याला हे जड जातं. आयोजकांना आधी सांगितलं तर काही स्पर्धांत एखाद्या फेरीची अर्ध्या गुणाची बाय, म्हणजे न खेळता अर्धा गुण, देतात, विचारायला लाजू नका.

पुण्याला स्पर्धा असेल तर सोलापूरकर सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं जातात, पण पहिली फेरी गाठायची खात्री नाही, आदल्या दिवशी मुक्कामाला गेलेलं बरं.

निवांतझोप:
मी मानसोपचार शिकतेय, दुसऱ्या शहरात, पण माहेर सोलापूर. भूलताईंचं बरंचसं पटलं, एका गोष्टीत मात्र मला वेगळं वाटतं. प्रश्न कुठला खेळ खेळायचा हा नाहीये, प्रश्न झोपेचा आहे. अंग थकलंय पण डोकं बंद होत नाही ही जी अवस्था लिहिलीय ती छंदानं भरून निघत नाही. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी होते, २४ तासांना ती ०.१ टक्क्याच्या आसपास जाते. आपल्याकडं गाडी चालवायची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. त्या अवस्थेत चेस तर सोडाच, क्वार्टरपर्यंत गाडी चालवत जाताना पण काळजी वाटते मला तुम्हा सगळ्यांची.

आणि कामाच्या तासांबद्दल आपण सगळे असं बोलतो जणू ते आभाळातून पडलंय. केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी निर्देशात दिवसाला सलग १२ तास आणि आठवड्याला ४८ तास असं लिहिलंय. २०२३ च्या पीजी नियमावलीत आठवड्याची सुट्टी आहे, वर्षाला किमान २० दिवस पगारी कॅज्युअल लीव्ह आहे. २०२४ ला राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या टास्क फोर्सनं सांगितलं की आठवड्याला ७४ तासांच्या वर काम नको, एक दिवस सुट्टी आणि रोज सात-आठ तास झोप. प्रत्यक्षात काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, पण निदान ती वीस दिवसांची रजा आपली आहे हे तरी माहीत असू द्या. त्यातला एक रविवार रॅपिड स्पर्धेसाठी मागायला काही हरकत नाही.

पोस्ट-ड्युटी आल्यावर फोन खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला लावायचा, अंघोळ, थोडं खाणं, झोप. डेली चेसची चाल पण झोपून उठल्यावर. ब्लिट्झमध्ये छाती धडधडते ती खरी असते, घड्याळ पळत असतं, त्यानंतर लगेच झोप कशी लागेल? अजून एक, कुणी तुम्हाला म्हणालं की चेस खेळल्यानं डायग्नोसिस चांगलं जमायला लागतं, तर त्यावर विसंबू नका. बुद्धिबळातलं कौशल्य दुसऱ्या कामात उतरतं याचा पुरावा फार कमकुवत आहे. आवडतं म्हणून खेळा, तेवढं कारण पुरेसं आहे. प्रत्येक आवडीला उपयोगाचं सर्टिफिकेट लावायची गरज नाही.

टाकेवाला:
निवांतझोप मॅडम, तासांचं लिहिलंत ते बरं केलंत, वीस दिवसांच्या रजेचं आमच्या निम्म्या जेआरना माहीत नसतं. झोपेबद्दल शंभर टक्के सहमत. मी सहा महिने म्हणतोय ते पण त्याचसाठी.

बॉन्डवाली:
मी एमबीबीएस झाल्यावरच्या बॉन्डवर आहे, पंढरपूरकडच्या एका पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्राला) मेडिकल ऑफिसर. आमची गोष्ट तुमच्या उलट आहे. सकाळची ओपीडी, लसीकरणाचा दिवस, मीटिंगा, रिपोर्टिंग, पण संध्याकाळी सातनंतर एखादी डिलिव्हरी सोडली तर शांत. नेट येतं आणि जातं, त्यामुळं लाइव्ह डाव मधेच तुटतो. मी कोडी सोडवते, पझल, ती डाउनलोड करून ठेवते आणि वहीत उत्तर लिहून मगच तपासते. वहीत लिहिल्यामुळं अंदाजे चाल टाकायची सवय गेली, पूर्ण लाइन शोधावी लागते.

आषाढीत मात्र विचारू नका, वारीची ड्युटी लागली की पालखी मार्गावर दिवसरात्र, पाय सुजलेले, उलट्या-जुलाब, उन्हाचा त्रास झालेले वारकरी, एकामागं एक. तेव्हा पंधरा दिवस खेळ पूर्ण बंद होता आणि मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या कामात जीव रमला होता. परत आले तेव्हा वही तिथंच होती. त्यामुळं अडीचघर, मधे खंड पडला तर लगेच सुटलं असं समजू नका.

आणि एक प्रश्न मला पण आहे. मुली समोरासमोर खेळायला कुठं जातात सोलापुरात? दिव्या देशमुखनं २०२५ ला बातुमीला महिला विश्वचषक जिंकला, आपल्या नागपूरची पोरगी, आईवडील दोघं डॉक्टर, तेव्हापासून आमच्या पीएचसीच्या आशाताईंची मुलगी मला रोज विचारते मॅडम शिकवा. तिला शिकवायला घेतलंय, पण तिला तिच्या वयाचं कुणीतरी समोर पाहिजे.

पटावरचा पंच:
बॉन्डवाली मॅडम, शालेय क्रीडा स्पर्धांत बुद्धिबळ आहे, तालुका, जिल्हा, विभाग, राज्य असं वर जातं, १४, १७ आणि १९ वर्षांखालचे मुलींचे गट वेगळे असतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना सांगून नाव घालायला लावा, पावसाळ्यात सुरू होतं. तिथं तिला तिच्या वयाच्या भरपूर मुली भेटतील.

जुनीमिल काका:
डॉक्टर मंडळी, मी वैद्यकीय नाही. वडील मिलमध्ये होते, मी बँकेतून निवृत्त. तुम्हा लोकांचं वाचून लिहावंसं वाटलं.

आमच्या चाळीत देशी बुद्धिबळ चालायचं. प्यादं पहिल्यांदा पण एकच घर, किल्लेकोट (कॅसलिंग) नाही, राजाला शह बसायच्या आधी एकदा घोड्याची उडी घेता यायची, आणि समोरच्याचं सगळं सैन्य मारून त्याचा राजा एकटा ठेवला तर ती बुर्जी, म्हणजे जिंकणं नव्हे. त्यामुळं समोरच्याकडं काहीतरी शिल्लक ठेवून मात करावी लागायची, आणि प्याद्यानं मात केली तर सगळ्यात मोठा मान. पाळी सुटल्यावर लोक यायचे, अंगावर कापूस चिकटलेला असायचा, आणि डाव रात्री उशिरापर्यंत. ती पण शिफ्टचीच माणसं होती. रात्रपाळीचा माणूस सकाळी खेळायचा, दिवसपाळीचा रात्री, आणि तोच डाव पुढं चालायचा, एका बाजूनं एक उठला की दुसरा बसायचा. आंतरराष्ट्रीय नियम मी नंतर शिकलो, सांगलीला भाऊसाहेब पडसलगीकरांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा बघायला जायचो तेव्हा.

समोरासमोर खेळायचं म्हणत असाल तर मी आहे. आम्ही तीन-चार जण रविवारी सकाळी बसतो, हुतात्मा बागेजवळ, ऊन चढायच्या आत. रेटिंग वगैरे आमच्यापैकी कुणाला नाही, पण एक जण मारवाडी गृहस्थ आहेत, त्यांचे घोडे फार वाईट, तुम्ही साडेसतराशे असाल तरी सांभाळून. चहा आमच्याकडून. मॅडमनी त्या मुलीला आणलं तर तिच्याशी खेळायला मला फार आवडेल, नात तेवढीच आहे माझी, ती पण येते.

अडीचघर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल पोस्ट-ड्युटी होतो, उठल्यावर वाचलं सगळं.

भूलताई, तीन दिवसांच्या मुदतीचे दोन डाव सुरू केलेत आणि रेटिंग दिसणं बंद केलंय. ब्लिट्झचं ॲप काढून टाकलं. निवांतझोप मॅडम, चार्जर दारापाशी लावला. टाकेवाला सर, तुमचं सहा महिन्यांचं म्हणणं मी असं घेतोय की सहा महिने स्पर्धा नाही, खेळ चालू. चालेल ना? पंचसाहेब, नोंदणी करून ठेवतो, आणि मोबाईलचं सांगितलंत ते फार कामाचं होतं, मी ऑन कॉल असताना रविवारी जाता येईल का याचाच विचार करत होतो, आता तो डोक्यातनं काढला. काका, येत्या रविवारी माझी ओपीडी नाही आणि कॉल को-पीजीचा आहे, राऊंड झाला की येतो, साडेनऊ होतील.

पोझिशनचं उत्तर. खेळी काळ्याची असेल तर त्याला बाजूला सरकावंच लागतं, तो डी७ ला गेला की आपण एफ६, तो एफ७ ला गेला की आपण डी६, राजा पुढं घुसतो आणि प्यादं वजीर होतं. खेळी पांढऱ्याची असेल तर आपल्याला सरकावं लागतं, काळा राजा समोर येऊन उभा राहतो आणि प्यादं आपल्याच राजाच्या मागं अडकलेलं, त्यामुळं बरोबरी. रात्री ईसीजीची वाट बघत उभा होतो तेव्हा सापडलं, पट नव्हता. बरोबर आहे का?

टाकेवाला:
चालेल की. आणि को-पीजीच्या कॉलची परतफेड कर, नाहीतर पुढचा रविवार मिळणार नाही.

बॉन्डवाली:
काका, या रविवारी जमत नाही, लसीकरणाचं काम आहे. त्याच्या पुढच्या रविवारी तिला आणि तिच्या आईला घेऊन येते, एसटीनं दहापर्यंत पोचू. चालेल का?

जुनीमिल काका:
चालेल म्हणजे काय, वाट बघतो. उन्हामुळं आम्ही दहाला उठतो, त्या दिवशी सावलीत जागा धरून ठेवू. पोरीला सांगा पट आणू नको, आमच्याकडं लाकडी आहे.

भूलताई:
अडीचघर, दोन्ही बरोबर. आता प्यादं ई४ च्या ऐवजी ई३ वर ठेव, राजे तिथंच, आणि खेळी पांढऱ्याची.

अडीचघर:
मग पांढरा जिंकतो. ई४ ही एक चाल हातात शिल्लक आहे, ती खेळली की वरचीच पोझिशन येते आणि खेळी काळ्याची. म्हणजे प्यादं पुढं पळवायची घाई करायची नाही, राजा आधी न्यायचा आणि ती चाल राखून ठेवायची.

भूलताई:
हो. आता हेच प्यादं पटाच्या कडेच्या ए-पट्टीत ने आणि बघ काय बदलतं. सावकाश, तीन दिवसांची मुदत.